सारा बार्टमान आणि 'ब्लॅक व्हीनस': बघवत नाही असा सिनेमा का बघायचा?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सने मादागास्करला तीन कवट्या परत दिल्या. त्यांतली एक तोएरा नावाच्या राजाची मानली जाते. १८९७ मध्ये फ्रेंच सैन्याने त्याला मारलं, त्याचं शिर पॅरिसला नेलं आणि ते सव्वाशे वर्षं संग्रहालयात पडून राहिलं. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावगृहाने एका नागा माणसाची कवटी विक्रीला काढली होती. नागालँडमधून तीव्र निषेध झाला, तेव्हा ती यादीतून काढली गेली.

आपल्याकडे लंडनहून वाघनखं उसनी आली, रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लिलावात घेतली, या बातम्या आपण आवडीने वाचल्या. तलवार कोणी का नेली हे सहज कळतं. पण माणसाची हाडं नेऊन, धुऊन, त्यावर क्रमांक टाकून कपाटात कशाला ठेवायची? एका वाचक मैत्रिणीने मला हे विचारलं, तेव्हा मला एक सिनेमा आठवला. अब्देलातिफ केशिश या ट्युनिशियात जन्मलेल्या फ्रेंच दिग्दर्शकाचा, २०१० चा. मूळ फ्रेंच नाव 'व्हेनुस न्वार', इंग्रजीत 'ब्लॅक व्हीनस'. व्हेनिसच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. तीन वर्षांनी याच दिग्दर्शकाला दुसऱ्या सिनेमासाठी कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याचं नाव जगभर झालं. हा सिनेमा मात्र कोपऱ्यातच राहिला. अडीच तासांहून मोठा, अंगावर येणारा, आणि ज्यांनी पाहिला त्यांच्यात आजही भांडण लावणारा. मला तो एका बैठकीत पाहता आला नाही. दोनदा थांबवावा लागला.

ही सारा कोण?

सिनेमा एका खऱ्या बाईवर आहे. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत वाचलं तर 'सार्टजी' असं काहीतरी होतं. खरा उच्चार 'सार्की'च्या जवळ जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वळणाच्या भाषेत याचा अर्थ 'छोटी सारा'. अशा लाडाच्या नावाला दोन धारा असतात. आईने 'शांते' म्हटलं तर ती माया. मालकिणीने पन्नाशीच्या कामवाल्या बाईला 'ए शांते' म्हटलं तर ती तिची पायरी दाखवणं. साराच्या बाबतीत दुसरीच धार होती, म्हणून मी इथे तिला नुसतं सारा म्हणते. तिच्या बाप्तिस्म्यात नोंदलेलं नाव तेच आहे.

सारा बार्टमान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या भागात, गामटूस नदीच्या परिसरात जन्मली. ती खोइखोइ समाजाची, म्हणजे गुरं राखणाऱ्या, त्या भूमीच्या मूळ लोकांपैकी. खोइखोइ या शब्दाचा अर्थच 'माणसांतली माणसं' असा आहे. त्यांच्या भाषेत जिभेने टकटक काढायचे ध्वनी आहेत. डच वसाहतवाल्यांना ते बोबडं वाटलं, आणि त्यांनी या लोकांना 'हॉटेंटॉट' असं हिणवणारं नाव दिलं.

सारा केप टाउनमध्ये घरकाम करत होती. १८१० मध्ये हेन्ड्रिक सेझार आणि अलेक्झांडर डनलॉप नावाचा ब्रिटिश लष्करी डॉक्टर तिला लंडनला घेऊन गेले. (आपल्याकडे तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता. पेशवाई बुडायला आठ वर्षं होती.) पिकॅडिलीतल्या २२५ क्रमांकाच्या जागेत, दोन शिलिंगांच्या तिकिटावर तिचा 'खेळ' सुरू झाला. जाहिरातीत नाव होतं 'हॉटेंटॉट व्हीनस'. व्हीनस ही रोमन लोकांची सौंदर्याची देवता. म्हणजे नावातच टवाळी.

खेळ काय होता? अंगाच्या रंगाचे घट्ट कपडे घालून उभं राहायचं, फिरायचं, वाद्य वाजवायचं. तिच्या समाजातल्या काही बायकांच्या नितंबांवर चरबी जास्त साठते. ही शरीराची एक नैसर्गिक ठेवण आहे, रोग नाही. लोक ती बघायला, आणि जास्त पैसे दिले तर बोटाने किंवा काठीने टोचून बघायला येत. त्या वेळच्या एका वृत्तपत्राने लिहिलं होतं की तिला साखळीला बांधलेल्या अस्वलासारखं पिंजऱ्याच्या आत-बाहेर करायला लावतात. दरवेशाचं अस्वल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

वंश ही वस्तू दिसते कुठे?

इथे एक शब्द नीट समजून घेऊ: वंश. माणसांचे रंगरूपावरून पक्के गट पडतात, प्रत्येक गटाची अक्कल आणि स्वभाव जन्माने ठरतो, आणि या गटांची वर-खाली उतरंड असते, अशी ही कल्पना. आजचं जनुकशास्त्र तिला आधार देत नाही. त्वचेचा रंग, केस, नाक यांत फरक असतात, पण त्यांवरून बुद्धीची किंवा शीलाची प्रतवारी लागत नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मात्र युरोपला ही उतरंड हवी होती. एका बाजूला 'सगळी माणसं समान' अशा घोषणा चालल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला साखर, कापूस, तंबाखू गुलामांच्या कष्टावर पिकत होता. या दोन गोष्टी एका घरात नांदायच्या तर एकच वाट होती: ते लोक पुरते माणूसच नाहीत, हे सिद्ध करायचं. सिद्ध करायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा शरीरावर शोधायचा. कवटी, नाक, जबडा. आणि बाईचं शरीर असेल तर छाती, नितंब, जननेंद्रिय.

हे शेवटचं का? कारण त्यातून आणखी एक काम साधत होतं. काळ्या बाईची वासनाच अनावर असते, असं शास्त्राने म्हटलं की मळ्यावरच्या मालकाने गुलाम बाईवर केलेला अत्याचार अत्याचार उरतच नाही. दोष तिच्या देहाचा ठरतो. ही युक्ती आपल्याला परकी नाही. फडावर नाचणारी बाई म्हणजे उपलब्ध बाई, हा हिशोब आपल्याकडच्या बघ्यांनीही पिढ्यानपिढ्या मांडला. त्या बाईला काय हवं आहे, हे विचारायची पाळीच येत नाही. वंश आणि लैंगिकता या दोन गोष्टी सिनेमात सतत एकमेकींत गुंतलेल्या दिसतात त्या यामुळे. साराच्या बाबतीत त्या सुट्या करताच येत नाहीत.

तंबूतले बघे आणि अकादमीतले बघे

सिनेमाची सुरुवातच विलक्षण आहे. पॅरिसमधलं शास्त्रज्ञांचं सभागृह. जॉर्ज क्युव्हिए हा त्या काळचा सर्वांत मोठा शरीररचनाशास्त्रज्ञ व्याख्यान देतोय. समोर साराच्या देहाचा प्लास्टरचा साचा उभा आहे. सारा मेलेली आहे. एका बरणीत तिचे अवयव आहेत आणि ती बरणी हातोहात फिरते. सगळे सभ्य, सुशिक्षित, शांत. त्यानंतर कथा मागे जाते, लंडनच्या त्या गलिच्छ, किंचाळणाऱ्या गर्दीत. आपण आधी अकादमी पाहिलेली असते, त्यामुळे गर्दी पाहताना कळत जातं की फरक फक्त आवाजाचा आहे.

घडलेल्या गोष्टीही हेच सांगतात. १८१४ मध्ये सारा पॅरिसला गेली आणि तिथे रेओ नावाच्या, जनावरांचे खेळ करणाऱ्या माणसाच्या ताब्यात आली. मार्च १८१५ मध्ये तिला तीन दिवस पॅरिसच्या वनस्पती उद्यानात, तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात नेलं. शास्त्रज्ञ होते, चित्रकार होते. तिने कपडे काढावेत म्हणून गळ घातली गेली. ती बरीचशी मानली, पण कमरेखालचं वस्त्र सोडायला तिने ठाम नकार दिला. पैसे देऊ केले, तरीही नकार. आन्री द ब्लँव्हील या शास्त्रज्ञाने हे स्वतः नोंदवून ठेवलंय. तिच्याबद्दल लिहिलेल्या ढीगभर कागदांत तिचा स्वतःचा आवाज सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो तो या 'नाही'मध्ये.

१८१५ च्या डिसेंबरअखेर ती पॅरिसमध्ये वारली. क्युव्हिएने तिचा देह मिळवला, साचा काढला, विच्छेदन केलं, मेंदू आणि जननेंद्रिय बरण्यांत ठेवले, सांगाडा जोडून उभा केला. जिवंतपणी जे तिने दाखवलं नाही ते मेल्यावर काढून घेतलं. १८१७ मध्ये त्याने निबंध छापला. त्यात तो लिहितो की तिची स्मरणशक्ती चांगली होती, डच ती बरं बोलायची, इंग्रजी थोडं जाणायची, फ्रेंच शिकू लागली होती. आणि त्याच निबंधात म्हणतो की वानराशी इतकं साम्य असलेलं मानवी डोकं आपण कधी पाहिलं नाही. तीन भाषांना हात घालणारी बाई समोर आहे, हे कानांनी ऐकलंय, आणि निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.

'पण तिने स्वतःच होकार दिला होता ना?'

हा आक्षेप तेव्हाही होता. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आणली होती. त्यामुळे लंडनमध्ये गुलामगिरीविरुद्ध काम करणारे लोक खवळले आणि नोव्हेंबर १८१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. पुढाकार घेणाऱ्यांत झॅकरी मॅकॉले होते. इंग्रजी शिक्षणामुळे आपण ज्या मॅकॉलेला ओळखतो, त्याचे हे वडील.

तिला डांबून ठेवलंय का, एवढंच न्यायालयाला पाहायचं होतं. आपल्याकडच्या बंदीप्रत्यक्षीकरण अर्जासारखंच. काही जणांनी साराला भेटून सुमारे तीन तास डचमध्ये प्रश्न विचारले. ती म्हणाली, मी माझ्या मर्जीने आलेय, मला मिळकतीतला अर्धा वाटा कबूल केलाय. करारही दाखवला गेला. खटला संपला, खेळ सुरू राहिला. सिनेमातली सारा कोर्टात सांगते की मी नाटक करते, ही माझी कला आहे. बचाव करायला आलेले लोकच तिथे खजील होतात.

मग ती स्वतंत्र होती का? आपल्या ऊसतोडीच्या उचलीचा विचार करा. बीडमधलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. जबरदस्ती कोणी केलेली नसते, अंगठा स्वतःचाच असतो. पण उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मध्येच कोणी अधिकारी येऊन विचारू लागला, 'बाई, तुम्ही मर्जीने आलात ना?' तर ती 'हो' म्हणेल. ते खोटं नसतं. प्रश्नच अर्धा असतो. उरलेला अर्धा असा: इथून निघालात तर जाल कुठे, खाल काय?

साराला हे कोणी विचारलं नाही. समुद्रापलीकडे घर, हातात परतीचं भाडं नाही, भोवती आपलं म्हणावं असं कोणी नाही. तरीही तिला निव्वळ बाहुली मानणं मला पटत नाही. ती वाद्य वाजवायची, गायची, आणि त्या कामात तिची म्हणून काही जागा तिने धरली असेल. होकार आणि सक्ती यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत ती जगली. न्यायालयाला हो किंवा नाही हवं होतं. त्यांच्या कागदात ही जागा बसली नाही.

'मग सिनेमानेही तिला पुन्हा तंबूतच उभं केलं की!'

हा सगळ्यांत गंभीर आक्षेप, आणि तो मी झटकून टाकणार नाही. केशिश एकेक खेळ पुरा दाखवतो. प्रसंगांना कात्री नाही, दिलासा देणारं संगीत नाही. पहिला खेळ लांबतो, मग दुसरा, मग पॅरिसमधल्या श्रीमंतांच्या मेजवान्या, आणि प्रत्येक वेळी अपमान एक पायरी खाली उतरतो. साराची भूमिका करणारी याहिमा तोरेस ही क्यूबात जन्मलेली. तिचा हा पहिलाच चित्रपट. तिचा देहही आपण अडीच तास बघतोच.

सिनेमाच्या बाजूने म्हणायचं तर कॅमेरा तिच्या देहापेक्षा दोन गोष्टींवर जास्त रेंगाळतो: बघ्यांचे चेहरे आणि तिचे डोळे. हसणारी बाई, बोट पुढे करणारा पोरगा, नाकाला रुमाल लावलेला सरदार. थोड्या वेळाने आपण त्यांच्यात आपला चेहरा शोधू लागतो. मला त्या वेळी माझ्या मावशीची आठवण झाली. तिला 'दाखवायच्या' कार्यक्रमात चालायला लावलं, वेणी सोडून केसांची लांबी बघितली, सासू होऊ पाहणाऱ्या बाईने दात बघितले. ती सांगायची, 'ते कांदेपोहे खात होते गं, आणि मी उभी होते.' साराच्या यातनेशी याची बरोबरी मी करत नाही. पण ज्याला पाहिलं जातंय त्याने गप्प राहायचं आणि पाहणाऱ्याने मत द्यायचं, हे खोलीचं नेपथ्य माझ्या ओळखीचं होतं.

विरुद्ध बाजूही खरी आहे. एवढ्या लांबीत सारा आपल्या माणसांत असलेली दिसत नाही. गामटूसचा काठ नाही, तिचं बालपण नाही. जणू ती खेळासाठीच जन्मली. शिवाय याच दिग्दर्शकाच्या पुढच्या गाजलेल्या सिनेमातल्या अभिनेत्रींनी जवळिकीच्या प्रसंगांच्या चित्रणाबद्दल उघड तक्रारी केल्या होत्या. ते कळल्यावर या सिनेमातल्या त्याच्या नजरेकडेही मी सावधपणे बघते. माझं मत असं: लंडन, कोर्ट आणि शास्त्रज्ञांचे प्रसंग यांना तोड नाही. पॅरिसच्या मेजवान्यांत मात्र सिनेमा तेच ते सांगत राहतो आणि शेवटी शेवटी आपल्याला बधिर करतो. बधिर झालेला बघ्या ही तर त्या तंबूचीच गरज होती.

'जे दाखवलंय ते सगळं खरं आहे का?'

नाही. लंडनचा खेळ, खटला, तीन दिवसांची तपासणी, विच्छेदन यांना कागदपत्रांचा आधार आहे. शेवटी सारा वेश्यावस्तीत जाते, याला मात्र तसा पक्का पुरावा नाही. सेझारला सिनेमाने गोरा वसाहतवाला केलंय. क्लिफ्टन क्रेस आणि पामेला स्कली या इतिहासकारांच्या शोधानुसार तो 'मुक्त काळा' होता, म्हणजे गुलामांच्या वंशातला पण कायद्याने मुक्त. मला हा बदल खटकला. स्वतः उतरंडीत खाली असलेला माणूस आणखी खालच्या बाईच्या जिवावर वर चढू बघतो, ही गोष्ट जास्त गुंतागुंतीची होती. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला ती चटकन कळली असती.

'दोनशे वर्षांपूर्वीचं चुकीचं शास्त्र. आता काय त्याचं?'

ते शास्त्र क्युव्हिएबरोबर मेलं नाही. १९०८ मध्ये ऑयगेन फिशर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ आजच्या नामिबियात रेहोबोथला गेला आणि खोइखोइ व गोऱ्यांच्या मिश्र संततीची मोजमापं घेऊन आला. त्यावर त्याची कीर्ती उभी राहिली, आणि त्याचे विचार पुढे नाझींच्या वंशशुद्धीला उपयोगी पडले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये याच फिशरच्या हाताखाली एक मराठी तरुणी डॉक्टरेटसाठी काम करत होती: इरावती कर्वे. गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची तर्कबुद्धी सरस, असं त्याचं अनुमान होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक पडत नाही असं लिहिलं. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात, विशीतल्या बाईने.

इकडे भारतात हर्बर्ट रिस्ली नाकांची मापं घेऊन जातींची प्रतवारी लावत होता. १९०१ च्या जनगणनेचा तोच प्रमुख होता. आणि लग्नाच्या जाहिरातींत आपण अजून 'गोरी, नाकीडोळी नीटस' लिहितो. ते मोजमाप कुठून आलं हे विसरून.

परतीचा प्रवास

साराचा सांगाडा आणि साचा पॅरिसच्या मानव संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत लोकांसमोर होते. १९९४ मध्ये नेल्सन मंडेलांनी फ्रान्सकडे तिची मागणी केली. उत्तर आलं की राष्ट्रीय संग्रहातली वस्तू देता येत नाही. 'वस्तू' हा शब्दच खरा अडसर होता. खोइ वंशातल्या डायना फेरस यांनी साराला घरी न्यायला आलेय अशी कविता लिहिली होती. ती फ्रेंच सिनेटमध्ये वाचली गेली. मार्च २००२ मध्ये केवळ साराच्या एका देहासाठी फ्रान्सने वेगळा कायदा केला. परदेशांतून आणलेल्या मानवी अवशेषांसाठी सर्वसाधारण कायदा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि मादागास्करच्या कवट्या त्याच वाटेने परत गेल्या.

९ ऑगस्ट २००२ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या महिला दिनी, गामटूस खोऱ्यातल्या हँकी गावी सारा मातीत गेली. कबरीभोवती लोखंडी गज लावावे लागले आहेत. २०१५ मध्ये कोणीतरी त्या कबरीवर पांढरा रंग फासला.

सिनेमा पाहिलात तर नामावली सुरू झाली म्हणून उठू नका. तिच्याबरोबर २००२ ची खरी दृश्यं येतात, साराला घरी आणतानाची. त्या अडीच तासांत तिच्याकडे तिची माणसं बघताहेत, असं तिथे पहिल्यांदा दिसतं.